पोलॅरिटी बरोबर होती, तरी कपॅसिटर का उडाला?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू इथं कोल्हापुरातच डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. घरी १२ व्होल्टचा सप्लाय करायला घेतलास. १२-०-१२, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, कडेच्या दोन वायरी ब्रिजला (एसीचं डीसी करणारे चार डायोड), मधली वायर टेप गुंडाळून मोकळी. ब्रिजपुढं २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर आणि त्यापुढं ७८१२, म्हणजे १२ व्होल्ट कायम ठेवणारा रेग्युलेटर. स्विच टाकल्यावर मिनिटभर सगळं गप्प, ७८१२ तापलाय का बघायला तू वाकलास आणि धाडकन आवाज. टेबलभर कागदाचा कपटा, खोलीत वास. दुसरा कपॅसिटर आणलास, पोलॅरिटी पुन्हा पुन्हा तपासलीस, तोही तसाच गेला. मित्र म्हणतो माल डुप्लिकेट. आई म्हणते हे सगळं गुंडाळून ठेव.

मित्राचं चूक आहे. आईचं निम्मं बरोबर आहे, त्यावर पुढं येतो.

१२-०-१२ म्हणजे मधल्या वायरीपासून प्रत्येक कडेला १२. कडेच्या दोन्ही वायरी घेतल्या की ते २४ झाले. हे २४ एसीचे, आरएमएस, म्हणजे मीटर दाखवतो तो आकडा. कपॅसिटर मात्र एसीच्या शिखरापर्यंत, म्हणजे १.४१४ पटीपर्यंत चार्ज होतो. झाले ३४. ब्रिजमधले दोन डायोड १.४ खातात, उरले साडेबत्तीस. आणि हा हिशेब पूर्ण लोड असतानाचा. छोट्या ट्रान्सफॉर्मरवर छापलेलं व्होल्टेज पूर्ण करंट घेताना मिळतं. मोकळा असला की तो दहा-पंधरा टक्के चढाच असतो. तूच लिहिलंयस की मीटरवर एसी २७ दिसत होते आणि 'थोडे जास्त देतोय' म्हणून तू ते सोडून दिलंस. २७ गुणिले १.४१४, वजा १.४: जवळजवळ ३७. रात्री उशिरा आजूबाजूचं लोड उतरून घरातल्या २३० चे २४५ झाले, तर ३९ च्या वर. 'ट्रान्सफॉर्मर १२ चा, कपॅसिटर २५ चा, दुप्पट मार्जिन आहे' असं तू धरून चालला होतास. प्रत्यक्षात २५ च्या कपॅसिटरवर ३७ बसले होते. शिवाय ७८१२ ची इनपुट मर्यादा ३५ व्होल्ट आहे, म्हणजे कपॅसिटर टिकला असता तर पुढचा नंबर त्याचाच होता.

आता एवढं जास्त व्होल्टेज असताना तो लगेच का उडाला नाही? हे नीट समजून घे, कारण डोळे जातात ते याच्यामुळं.

उडालेला डबा थंड झाल्यावर हातमोजे घालून उलगडून बघ. ॲल्युमिनिअमच्या दोन लांब पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये ओलसर कागद, सगळं मिळून घट्ट गुंडाळी. एक पट्टी जाड आणि मळकट, खरखरीत दिसेल, ती पॉझिटिव्ह. आम्ल आणि करंट वापरून तिचा पृष्ठभाग कोरलेला असतो, म्हणजे क्षेत्रफळ कित्येक पटीनं वाढतं. दुसरी त्या मानानं पातळ. कागद भिजलेला आहे तो इलेक्ट्रोलाइटनं, आणि खरी निगेटिव्ह बाजू तोच. दुसरी पट्टी नुसती त्याला जोडणारी. दोघांना वेगळं ठेवणारा थर म्हणजे पॉझिटिव्ह पट्टीवरचा ॲल्युमिनिअम ऑक्साइड. त्याची जाडी दर व्होल्टला जेमतेम दीड नॅनोमीटरच्या आसपास. कारखान्यात हा थर छापलेल्या व्होल्टेजपेक्षा काहीसा जास्त व्होल्टेजला वाढवतात. तुला २५ वर जे थोडंफार मार्जिन मिळतं ते एवढंच.

त्या पलीकडं गेलास की थर पुन्हा वाढायला बघतो, त्यासाठी करंट ओढतो. हा गळतीचा करंट. गळतीनं उष्णता येते, उष्णतेनं गळती आणखी वाढते, आणि इलेक्ट्रोलाइटमधल्या पाण्यातून हायड्रोजन सुटत राहतो. डबा बंद, खाली रबराचं बूच. आतला दाब चढत जातो. डब्याच्या डोक्यावर इंग्रजी के किंवा एक्ससारख्या, नाहीतर अधिकच्या चिन्हासारख्या खाचा असतात ना, त्या कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं काम करतात: पत्रा तिथं मुद्दाम पातळ केलेला असतो, म्हणजे फुटायचंच झालं तर वरून, ठरलेल्या जागी फुटावं. अगदी बारीक, पाच-सहा मिलिमीटर व्यासाच्या कपॅसिटरना बहुतेक वेळा या खाचा नसतात. ते खालून बूच टाकतात आणि डबा वर उडतो.

या सगळ्याला वेळ लागतो. कधी काही सेकंद, कधी पाच मिनिटं. आणि नेमक्या त्याच वेळात नवशिका काय करतो? एलईडी का लागत नाही म्हणून वाकतो. काही तापतंय का म्हणून बोट लावतो. स्विच टाकताना सगळे हात लांब ठेवतात, तोंड फिरवतात. काही झालं नाही की निर्धास्त होऊन सर्किटवर तोंड नेतात. तुझं दोन्ही वेळा तेच झालं. दुरुस्तीच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर मी नवीन पोरांना पहिली गोष्ट हीच सांगतो: पहिल्यांदा चालू केलेल्या सर्किटवर पहिली पाच मिनिटं डोकं न्यायचं नाही. मीटरच्या वायरी आधी क्रोकोडाइल क्लिपनं लावून ठेवायच्या आणि लांबून आकडा वाचायचा. तुझ्या केसमध्ये मीटर डीसीवर ठेवून कपॅसिटरला लावलेला असता तर पहिल्याच सेकंदाला ३७ दिसले असते आणि स्विच बंद करायला भरपूर वेळ होता.

डुप्लिकेट मालाबद्दल. असा माल असतो, नाही म्हणत नाही. मोठ्या डब्यात छोटा कपॅसिटर कोंबलेला, जुन्या डब्यावर नवीन स्लीव्ह चढवलेली. हातात घेतल्यावर वजन हलकं लागतं, आणि कपॅसिटन्स मोजणाऱ्या मीटरवर २२०० च्या जागी भलताच आकडा येतो. लक्ष्मीपुरीतून घे, नाहीतर पुण्याच्या बुधवार पेठेतून मागव, मोजून घेण्याची सवय ठेव. पण चांगल्यातला चांगला जपानी कपॅसिटर असता तरी ३७ वर तो गेलाच असता, फार तर थोडा उशिरा. त्यामुळं दुकानदाराशी भांडायला जाऊ नकोस.

दुकानातल्या मालाचा एक वेगळा प्रकार मात्र लक्षात ठेव. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर झिजतो. त्याला एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की गळती जास्त, आणि मग वरचंच रामायण. आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावरून काढून थेट प्लगला लावणाऱ्यांचे फिल्टर कपॅसिटर याच कारणानं उडतात. तिथं व्होल्टेज दोनशे-तीनशेच्या घरात असतं, गंमत नाही. असा कपॅसिटर बाहेर काढून काही किलोओहमच्या रेझिस्टरमधून हळूहळू व्होल्टेज चढवत तासन् तास ठेवतात, गळती उतरली तर वापरतात, नाहीतर फेकतात. रेडिओवर जीव नसेल तर सरळ नवीन बसव.

आता उलट्या पोलॅरिटीचं. तू ती बरोबर लावलीस, पण तुझ्या वर्गातले निम्मे इथंच फसणार आहेत. उलट लावला की ऑक्साइडचा आधार संपतो. निगेटिव्ह पट्टीवरचा नैसर्गिक थर जेमतेम एक-दीड व्होल्ट सहन करतो, त्यापुढं तो कपॅसिटर न राहता तापणारा रेझिस्टर होतो. साध्या सप्लायमध्ये ही चूक क्वचित होते, कारण डब्यावर निगेटिव्हचा पट्टा ठळक असतो. खरी फसगत होते दुहेरी सप्लायमध्ये, म्हणजे प्लस-मायनस १२ किंवा अॅम्प्लिफायरच्या प्लस-मायनस ३५ मध्ये. मायनस रेलवरच्या (सप्लायच्या मायनस वायरीवरच्या) कपॅसिटरची पॉझिटिव्ह बाजू ग्राउंडला जाते. पोरांच्या डोक्यात 'ग्राउंड म्हणजे निगेटिव्ह' इतकं पक्कं बसलेलं असतं की ते दोन्ही कपॅसिटरचे पट्टे ग्राउंडला लावतात, आणि मायनसचा उडतो. त्याच जोडीला आणखी एक सापळा: ७८१२ चे पाय समोरून इनपुट, ग्राउंड, आउटपुट असे आहेत; मायनस बाजूच्या ७९१२ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. दिसायला दोघं सारखे. ७८ च्या जागेवर ७९ सोल्डर केला की पुढचे कपॅसिटर काय बघतील ते सांगता येत नाही.

टँटॅलम धातूच्या कपॅसिटरला तर मी हॉबीच्या कामात हातच लावू नको म्हणतो. पिवळसर थेंबाच्या आकाराचे किंवा चौकोनी एसएमडी, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारे असतात. एसएमडीवर पट्टा असतो तो पॉझिटिव्हचा, ॲल्युमिनिअमच्या अगदी उलट. आणि हा नुसता फुटत नाही, पेटतो. आत टँटॅलमची भुकटी आणि मँगनीज डायऑक्साइड असतो. शॉर्ट झाला की डायऑक्साइड ऑक्सिजन पुरवतो आणि धातू जळतो. वापरायचाच असेल तर रेलच्या दुप्पट व्होल्टेजचा घे: १२ व्होल्टवर २५ चा. १६ चा नको.

आपल्याकडचा एक खास प्रकार सांगितलाच पाहिजे. उसाच्या पट्ट्यात घरटी बोअर आहे, आणि सिंगल फेज मोटरच्या पेटीत दोन कपॅसिटर असतात: एक स्टार्टचा, एक रनिंगचा. स्टार्टचा काळा, गोल, शे-सव्वाशे मायक्रोफॅरडचा. तो आतून दोन इलेक्ट्रोलिटिक पाठीला पाठ लावल्यासारखा असतो आणि काही सेकंदांपुरताच बनवलेला. रिले किंवा पुशबटण चिकटलं, तो लाइनमध्ये राहिला, की पेटीचं झाकण उडतं. मी अशी एक पेटी उघडली तेव्हा आतल्या सगळ्या वायरींवर डांबरासारखा राप आणि फॉइलची जाळी बसलेली होती, रिलेचे कॉन्टॅक्ट वेल्ड झालेले. शेतकरी म्हणत होता कंडेन्सरच (म्हणजे कपॅसिटरच) खराब लागतात, वर्षात तिसरा. रिले बदलल्यावर कंडेन्सर टिकला. हे सांगायचं कारण: वाइंडिंगवाल्याकडं असे जुने स्टार्टचे कपॅसिटर फुकट मिळतात आणि पोरं ते 'मोठा आहे, चालेल' म्हणून प्रयोगाला आणतात. आणू नका. पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा वेगळा, तो पॉलिप्रॉपिलिनचा. तो बहुधा न उडता क्षमता गमावतो आणि पंखा मंद होतो.

आणि थेट २३० वर कपॅसिटर लावून एलईडी पेटवायचे जे सर्किट सगळीकडं फिरतं, ते घरी करू नकोस. तिथं एक्स-टू लिहिलेलाच, म्हणजे थेट मेन्सवर लावायला बनवलेला कपॅसिटर लागतो, ४०० व्होल्ट डीसीचा साधा लावला की आज ना उद्या तो जातो. तो टिकला तरी सर्किटच्या प्रत्येक पॉइंटला मेन्सचा करंट आहे.

गणपतीच्या आधी माझ्याकडं मंडळांचे, डॉल्बीवाल्यांचे अॅम्प्लिफायर येतात. त्यातले १०,००० मायक्रोफॅरड ८० व्होल्टचे डबे हलू नयेत म्हणून कोणीतरी डोक्यावर सिलिकॉन नाहीतर हॉट ग्लू ओतलेला असतो. खाचांवर गोंद बसला की दाब वाट शोधतो ती खालून, पीसीबी उचकटून. कंपन्यांच्या डेटाशीटमध्ये खाचांच्या वर मोकळी जागा ठेवायला सांगितलेली असते: मध्यम आकाराच्या डब्याला २ मिलिमीटर, १८ पासून पुढच्या व्यासाला ३, चाळीसपासून पुढं ५. गोंद लावायचा तर डब्याच्या कडेला, बुडाशी.

त्याच डब्यांमुळं दुसरा धोका. १०,००० मायक्रोफॅरड ७० व्होल्टला चार्ज असला की साडेचोवीस जूल. संगणकाच्या एसएमपीएसमधला (आतल्या पॉवर सप्लायमधला) २२० मायक्रोफॅरडचा ३२५ व्होल्टवर साडेअकरा जूल, आणि तो जास्त वाईट, कारण व्होल्टेज शरीरातून करंट ढकलायला पुरेसं आहे. प्लग काढला म्हणजे झालं असं नाही. स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करून 'ठप्प' आवाज काढायची पद्धत दुरुस्तीवाल्यांत आहे. त्यानं कपॅसिटरचे पाय जळतात, वितळलेल्या धातूचा कण डोळ्यात येऊ शकतो, आणि शॉर्ट काढल्यावर कपॅसिटर थोडं व्होल्टेज पुन्हा दाखवतो ते वेगळंच. १ किलोओहम १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर घे, दोन्ही टोकांना चांगल्या इन्शुलेशनच्या वायरी आणि प्रोब लाव. १०,००० च्या डब्याला जवळपास मिनिटभर धरायचा, एसएमपीएसच्याला दोन सेकंद पुरतात. मग मीटरनं खात्री. मग हात.

आता आईचं. तिनं 'हे घरात नको' म्हटलं तर ते मला पटत नाही. पण तू ज्या पद्धतीनं केलंस, अभ्यासाच्या टेबलावर वह्यांच्या मध्ये, रात्री, दार लावून, तसं नको यात ती बरोबर आहे. सर्वात आधी सिरीज बोर्ड कर. एक लाकडी फळी, एक बल्ब होल्डर, एक सॉकेट; फेजच्या वाटेत बल्ब. सर्किट शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत लागतो आणि करंट तिथंच अडतो. बल्ब पिवळा फिलामेंटचाच हवा, एलईडीचा चालत नाही. आणि वॉट बघून लाव: दुकानात अॅम्प्लिफायरसाठी आम्ही १०० चा लावतो, पण तुझ्या १ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरचा प्राथमिक करंट मुळातच इतका कमी आहे की ६० चा बल्बसुद्धा फारसं काही अडवणार नाही. १५ चा लाव. मोकळं सांगायचं तर तुझी ही चूक सिरीज बोर्डनंही पकडली नसती, कारण शॉर्ट काहीच नव्हता, सुरुवातीला गळतीचा करंट किरकोळ होता आणि बल्ब मंदच राहिला असता. ती पकडायला कागदावरचा १.४१४ चा गुणाकार लागतो.

चष्मा हवाच. उद्यमनगरात ग्राइंडिंगसाठी वापरतात तो बाजूनं झाकलेला साधा गॉगल कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पहिल्यांदा चालू करताना सर्किटवर पारदर्शक प्लास्टिकचा जाड डबा उपडा घाल. घरात दुसरं कोणीतरी जागं असताना काम कर आणि प्लगचा स्विच हाताच्या अंतरावर ठेव, सर्किटच्या पलीकडं नाही.

उडालाच तर आधी स्विच बंद, मग खिडक्या उघडून खोलीबाहेर. तो जो वास येतो, कधी माशासारखा, कधी अमोनियाची झाक असलेला, तो गरम इलेक्ट्रोलाइटच्या वाफेचा आहे. एका कपॅसिटरच्या वाफेनं सहसा घसा आणि डोळे चुरचुरण्यापलीकडं काही होत नाही, पण मुद्दाम हुंगत बसू नये. कोणाला दमा असेल तर त्याला लांब ठेवावं. डोळ्यात काही गेलं तर चोळायचं नाही. नळाखाली पंधरा मिनिटं डोळा उघडा धरून धुवायचा आणि तसंच सीपीआर या सरकारी दवाखान्यात नाहीतर जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं, 'बघू सकाळी' म्हणायचं नाही.

तुझ्या सर्किटचं. ब्रिज काढून टाक. मधली वायर ग्राउंडला घे, कडेच्या दोन्ही वायरींना एकेक १एन४००७ डायोड, दोन्ही डायोडची पट्टीची बाजू एकत्र करून कपॅसिटरच्या पॉझिटिव्हला. आता शिखर एका बाजूच्या १२ चं: लोडवर सोळाच्या आसपास, मोकळं असताना साडेअठरा, रात्री चढलेल्या लाइनवर वीसच्या आत. २५ चा कपॅसिटर यात चालतो, पण ३५ चाच आण, फरक काही रुपयांचा आहे. ७८१२ ला इनपुटपेक्षा आउटपुट दोन व्होल्टनं तरी कमी लागतं, त्यामुळं ३०० मिलिअँपिअरपर्यंत हा सप्लाय आरामात चालेल. अर्धा अँपिअर ओढशील तर रिपलचा, म्हणजे डीसीवर उरलेल्या लाटेचा, तळ १४ ला टेकतो आणि पुढं अॅम्प्लिफायर जोडला असेल तर घरघर ऐकू येईल, तेव्हा कपॅसिटर ४७०० चा कर. ७८१२ वरची उष्णताही उतरेल: आधी ३०० मिलिअँपिअरला सहा वॉटच्या वर जळणार होते, आता एक-सव्वा. तरी छोटं हीटसिंक लाव, आणि कपॅसिटर हीटसिंकला चिकटवून ठेवू नकोस. दर १० अंशांनी त्याचं आयुष्य निम्मं होतं.

जुना ७८१२ पुन्हा वापरू नकोस, ३७ खाऊन बसलाय. ब्रिजमधले डायोड मात्र बहुतेक चांगले असतील, मीटरच्या डायोड रेंजवर बघून डब्यात टाक. आणि नवीन काही सोल्डर करण्याआधी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं दोन्ही बाजूंनी घासून घे, सॉकेटच्या खाली आणि ट्रॅकच्या मध्ये जास्त. सांडलेला इलेक्ट्रोलाइट करंट वाहतो आणि तांबं हिरवं करत जातो. आज चाललेला बोर्ड दोन महिन्यांनी का बंद पडला, हा तुझा पुढचा प्रश्न घासल्यानं टळेल.